आधी जे माहीत आहे तेच इंग्रजीत वाच

पत्र:

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आहे. दहावीपर्यंत मराठी मिडीयम, टक्के चांगले पडले म्हणून तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला ॲडमिशन घेतली. इथं सगळी पुस्तकं इंग्रजीत. मला इंग्रजी वाचता येते, उभं केलं तर न अडखळता वाचून दाखवते, पण खाली बसल्यावर काय वाचलं म्हणून विचारलं तर एक ओळ सांगता येत नाही. घरी प्रत्येक शब्दाचा अर्थ मोबाईलवर बघून वहीत लिहिते, बायोलॉजीच्या एका पानाला दोन दोन तास जातात, वह्या भरल्या पण समजून नाही राहिलं. एका सरांनी वर्गात सगळ्यांसमोर म्हटलं की मराठी मिडीयमवाल्यांनी आर्ट्सलाच जावं. मला नर्सिंग करायचं आहे. सगळे म्हणतात रोज इंग्रजी पेपर वाच, तो तर अजूनच समजत नाही. सायन्स सोडू का? नाहीतर वाचायचं कसं ते तरी सांगा.

उत्तर:

पोरी, सायन्स आत्ता सोडू नको. हे आधीच सांगून टाकते, कारण तू ते शेवटी विचारलं असलं तरी तुझी झोप त्याच्यानंच उडालेली दिसते. बीएससी नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी अन् सोबत इंग्रजी लागतं, म्हणजे आज सायन्स सोडलं तर तो रस्ता बंद झाला. अन् वर्गात तुझ्यासमोर जे बोलल्या गेलं ते चूकच होतं. आर्ट्स काही कमी नाही, ज्याला इतिहास आवडते, मराठी साहित्य आवडते त्यानं खुशाल जावं, पण इंग्रजी पुस्तक समजत नाही म्हणून कोणी हाकलल्यासारखं जाऊ नये.

तरी तुझ्या मनाची खात्री व्हावी म्हणून एक काम कर. दहावीचं मराठीतलं विज्ञान भाग 2 असेलच घरी, त्यातला दुसरा धडा काढ, सजीवांतील जीवनप्रक्रिया, त्यात पेशीविभाजन आहे. तो मराठीत वाच अन् मग पुस्तक मिटून स्वतःला विचार, एका पेशीच्या दोन कशा होतात ते मला सांगता येते का. येत असेल तर तुझं सायन्स ठीक आहे, अडचण फक्त इंग्रजी वाचण्याची आहे, अन् ती सुटते. मराठीतही डोक्यात गोंधळ असेल तर मग आधी तो विषय कोणाकडून समजून घ्यावा लागेल, इंग्रजीला दोष देऊन उपयोग नाही. बहुतेक पोरींचं पहिलं असते, तुझे टक्के बघता तुझंही तेच असणार.

आता वाचता येते पण समजत नाही याच्याबद्दल. हे तुझ्या एकटीचं नाही गं. प्रथम संस्थेचा असर म्हणून सर्व्हे असतो, 2023 साली त्यांनी गावाकडच्या 14 ते 18 वर्षांच्या पोरापोरींना तपासलं होतं, 26 राज्यांतले 28 जिल्हे. त्यात इंग्रजी वाक्यं वाचता आली 57.3 टक्के मुलांना, अन् ज्यांना वाचता आली त्यांच्यातल्याही साधारण तीन चतुर्थांश मुलांनाच त्याचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचणाऱ्या चार पोरांतलं एक पोर तुझ्यासारखंच, तोंडानं वाक्य बरोबर अन् डोक्यात काही नाही. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण बऱ्याच वर्गांत इंग्रजी वाचणं म्हणजे उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवणं, उच्चार चुकला तर सर सुधरवतात, अन् अर्थ सर स्वतःच एकेक ओळ मराठीत सांगून टाकतात. मग पोराला अर्थ स्वतः काढायची पाळीच येत नाही, दहा वर्षं. तू मोठ्यानं वाचतेस तेव्हा तुझं सगळं ध्यान उच्चाराकडं असते, अर्थाला जागा उरत नाही. म्हणून समजून घ्यायचं असेल तेव्हा पहिल्यांदा मनातल्या मनात वाच, थांबत थांबत. मोठ्यानं वाचायचं ते नंतर, समजल्यावर.

अन् त्या शब्दांच्या वह्या बंद कर. मेहनत वाया गेली असं म्हणत नाही, पण अर्थांच्या याद्या करत बसणं म्हणजे बियाण्याच्या थैल्या घरात रचून ठेवायच्या अन् वावरात एक दाणा टाकायचा नाही. शब्द वाक्यात परत परत भेटला तरच तो आपला होतो.

माझं मुख्य म्हणणं हे आहे, बाकी सगळं विसरली तरी चालेल: जे तुला मराठीत आधीच माहीत आहे तेच इंग्रजीत वाच. नवीन विषय अन् नवीन भाषा दोन्ही एकदम डोक्यावर घेऊ नको. एका वेळी एकच गोष्ट नवीन पाहिजे.

हे मी मनानं नाही सांगून राहिली. अमेरिकेत 1988 साली डोना रेक्ट अन् लॉरेन लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या पोरांना बेसबॉलच्या मॅचचं वर्णन वाचायला दिलं. काही पोरं वाचनात हुशार होती, काही कच्ची, अन् दोन्हीकडं काहींना बेसबॉल चांगला माहीत होता, काहींना नाही. वाचल्यावर मॅचमध्ये काय झालं ते सांगायचं होतं. तर वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी पोरं ही वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्या पोरांच्या पुढं निघाली. विषय माहीत असला की वाचणारा अर्ध्या गोष्टी आधीच धरून चालतो, एखादा शब्द अडला तरी तो काय असेल याचा अंदाज येतो. आपल्याकडं क्रिकेटचं बघ, इंग्रजीत नापास होणारं पोट्टंसुद्धा इंग्रजी स्कोअरकार्ड झटकन वाचते, अन् कोण कसा आऊट झाला ते सांगते.

आता हे तुझ्या अभ्यासात कसं आणायचं. बालभारतीची दहावीची विज्ञानाची पुस्तकं मराठीत अन् इंग्रजीत दोन्ही आहेत, अन् ती वेगवेगळी नाहीत, तेच धडे त्याच क्रमानं आहेत, गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, उष्णता, धातुविज्ञान, सगळं. बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळते. तालुक्याला कॉलेजच्या वायफायवर इंग्रजी मिडीयमचे विज्ञानाचे दोन्ही भाग डाऊनलोड करून ठेव, नाहीतर जेवढा धडा पाहिजे तेवढ्या पानांची झेरॉक्स काढ, मोबाईलपेक्षा कागद बरा, पेन्सिल चालवता येते. मग दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवायची. आधी मराठीतला एक परिच्छेद वाच, तो तर तू दहावीत घोकलेला आहे. मग तोच इंग्रजीत. शब्द आपोआप जागेवर बसतात: पेशी म्हणजे सेल, ऊती म्हणजे टिश्यू, सूत्री विभाजन म्हणजे मायटोसिस. डिक्शनरी उघडायची गरजच नाही, मराठीचं पुस्तकच तुझी डिक्शनरी. अन् मोबाईलवरच्या भाषांतरापेक्षा ही डिक्शनरी खरी, कारण मोबाईलला माहीत नसते की तू केमिस्ट्री वाचून राहिली की गोष्ट. सोल्यूशन टाकलं तर तो उपाय सांगते, केमिस्ट्रीत ते द्रावण. करंट टाकलं तर सध्याचा सांगते, फिजिक्समध्ये ती विद्युतधारा. तुझ्या वहीत असे कितीतरी अर्थ असतील जे बरोबर असूनही त्या पानावर चूक आहेत, अन् वाक्य जुळत का नाही म्हणून तू रडकुंडीला येत असशील.

हे झालं की मग अकरावीचं पुस्तक उघड, पण पहिल्या पानापासून नाही, जो धडा दहावीला जोडलेला आहे तिथून. दहावीत पेशीविभाजन झालं ना, अकरावीच्या बायोलॉजीत सेल डिव्हिजनचा धडा आहे. दहावीत पेशीतलं श्वसन झालं, अकरावीत रेस्पिरेशन आहे. मराठी दहावी, मग इंग्रजी दहावी, मग इंग्रजी अकरावी, याच पायऱ्यांनी चढ. कॉलेजात दुसरा धडा चालू असेल तर तो वर्गात ऐक, तिथं तो थोडाफार माहितीचा झाला की घरी येऊन वाच. घरी येऊन पहिल्यांदाच उघडायचा नाही.

इंग्रजी पेपर वाच म्हणणाऱ्यांचं मन चांगलं आहे, पण सल्ला अर्धा आहे. पेपरातलं प्रत्येक वाक्य तुला नवीन अन् विषय पण दिल्लीचा, मग काय समजणार. कोणतं पुस्तक तुझ्या लायक आहे ते बघायची सोपी रीत सांगते. कुठलंही पान काढ, साधारण शंभर शब्द मोज, अन् अजिबात माहीत नसलेल्या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मार. दोन रेघा निघाल्या तर ते पुस्तक एकटीनं आरामात वाचायचं. पाच निघाल्या तर अभ्यास म्हणून, मराठी पुस्तक शेजारी ठेवून वाचायचं. दहाच्या वर गेल्या तर ते आज नको, सहा महिन्यांनी बघू. न्यूझीलंडचे पॉल नेशन म्हणून शब्दसंग्रहाचे मोठे अभ्यासक आहेत, त्यांनी अन् मार्सेला हू यांनी 2000 साली दाखवलं की कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. तू ज्या पानाला दोन तास देतेस त्यावर पन्नासात दहा अनोळखी असतील. तिथं कोणाचंही तेच होईल.

ही अडचण आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वी पण ओळखल्या गेली होती. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक 1920 च्या दशकात ढाक्याला होते, बंगाली पोरं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात अन् तरी साधं पुस्तक वाचता येत नाही हे त्यांनी पाहिलं, अन् त्यांच्या लक्षात आलं की पुस्तकातच नवीन शब्दांचा इतका मारा असतो की पोरगं दमून जातं. मग त्यांनी गोष्टी सोप्या शब्दांत परत लिहिल्या, नवीन शब्द थोडे थोडे अन् परत परत येतील असे. पुढं 1953 साली सगळ्यात जास्त लागणाऱ्या साधारण 2000 शब्दांची त्यांची यादी छापून आली, आजही सोप्या वाचनाची पुस्तकं करणारे त्या वाटेनं जातात. म्हणून सोपं पुस्तक हातात घ्यायला लाजू नको. अकरावीत आहे अन् पाचवीचं पुस्तक वाचून राहिली असं कोणी म्हटलं तर म्हणू दे.

सोपं कुठं मिळते तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर नावाची वेबसाईट आहे, फुकट आहे, गोष्टींना एक ते चार अशा लेव्हल दिलेल्या आहेत अन् कित्येक गोष्टी मराठीत पण अन् इंग्रजीत पण आहेत. दुसऱ्या लेव्हलपासून सुरू कर. पाणी, पक्षी, शरीर, अवकाश असल्या विषयांवरच्या पण आहेत, त्या तुला जास्त कामाच्या. काही गोष्टी ऐकत ऐकत वाचता येतात, तशा दोन-तीन कर, शब्दांचे गट कुठं तुटतात ते कानाला कळते.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा, जिथं आपली मराठी पोरं खरी अडकतात. ती शब्दांत नाही अडकत, वाक्याच्या बांधणीत अडकतात. हे वाक्य बघ, बायोलॉजीत अशीच असतात: द वॉटर ॲबसॉर्ब्ड बाय द रूट्स रीचेस द लीव्ह्ज थ्रू द झायलेम. यातला एकही शब्द फार कठीण नाही. तरी पोरं काय करतात, वॉटर म्हणजे पाणी, ॲबसॉर्ब्ड म्हणजे शोषलं, पाण्यानं शोषलं, मुळांनी, मग रीचेस कोण? इथं सगळं कोसळते. कारण आपल्या मराठीत कोणतं पाणी ते आधी सांगतो अन् पाणी नंतर, मुळांनी शोषलेलं पाणी. इंग्रजीत आधी पाणी सांगतात अन् मग मागून कोणतं पाणी ते जोडतात. अन् आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं मध्येच. म्हणून तू डावीकडून एकेक शब्द मराठी करत गेलीस की वाक्य जुळतच नाही, तुझ्या वहीत सगळे अर्थ बरोबर असून वाक्याचा अर्थ लागत नाही तो यानंच.

याला उपाय असा की लांब वाक्य आलं की आधी दोनच प्रश्न विचार. कोण किंवा काय? अन् त्याचं काय होतं, किंवा ते काय करतं? वरच्या वाक्यात काय, तर पाणी. त्याचं काय, तर पानांपर्यंत पोचतं. झालं, सांगाडा मिळाला. मग विचार कोणतं पाणी, मुळांनी शोषलेलं. कशातून, झायलेम म्हणजे जलवाहिन्यांतून. पेन्सिलनं सांगाड्याच्या दोन शब्दांना गोल कर अन् मधला जो जोडलेला तुकडा आहे त्याला कंस कर, कंस झाकून वाच, मग उघडून वाच. हू, व्हिच, दॅट आलं की समज की मागच्या नावाबद्दल काहीतरी जोडून सांगून राहिले, खरं क्रियापद अजून पुढं असू शकते. ॲबसॉर्ब्ड बाय, मेड ऑफ, कॉल्ड, नोन ॲज, असं सरळ नावाला चिकटून आलं तरी तेच. ऑक्सिजन कॅरीड बाय द ब्लड, रक्तानं वाहून नेलेला ऑक्सिजन, बस तुकडा झाला, आता पुढं बघ त्या ऑक्सिजनचं काय. पहिले काही दिवस एका परिच्छेदाला वेळ लागेल, लागू दे, बायोलॉजीत या बांधणीची वाक्यं पुन्हा पुन्हा येतात, डोळा बसला की पेन्सिल लागणार नाही.

अन् इट, दिस, दीज, देअर (म्हणजे त्यांचं) असे शब्द आले की थांबून बोट मागं ने, हे कोणाबद्दल आहे. दिस प्रोसेस म्हणजे कोणती प्रोसेस, मागच्या वाक्यातली. हे सोडून पुढं पळालं की परिच्छेदाचा धागा तिथंच तुटतो.

तसेच जोडणारे छोटे शब्द. पोरी अवघड शब्दाखाली रेघ मारतात अन् बट, हाउएव्हर, ऑल्दो, अनलेस, देअरफोर यांच्यावरून डोळा घसरून जातो, खरं तर वाक्याची दिशा हेच फिरवतात. अनलेस तर फारच फसवते. डू नॉट स्प्रे अनलेस द विंड इज काम, वारा शांत असल्याशिवाय फवारू नका. अनलेस सोडून दिला तर उलटंच काहीतरी होते. हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं. आपल्या जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली हे तू लहान असताना घरी ऐकलं असशील. त्याची कारणं बरीच होती, फक्त वाचण्याची नव्हती, पण डब्यावरचं वाचता येणारं एक माणूस घरात असणं ही छोटी गोष्ट नाही. बाबांनी फवारणीचा डबा आणला की त्यावरचं लेबल घे, हात न लावता फोटो काढून वाच. त्याच्यावरच्या चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन, वॉश हँड्स, अँटिडोट म्हणजे विषावरचं औषध, डोज. सोबत मराठीतलं पत्रक असते ते जुळवून बघ. नर्सिंगला जाणाऱ्या पोरीला औषधाच्या लेबलची ही भाषा आजपासून कामाची आहे. अन् बाबांना वाचून सांग.

डिक्शनरी कधी बघायची? परिच्छेद पूर्ण संपल्यावर. आधी नाही. अनोळखी शब्दाखाली रेघ मारून पुढं जा, अंदाज लाव, शब्दाचे तुकडे बघ, सुरुवातीला अन, नॉन, डिस असेल तर नाही-वाला अर्थ, शेवटी लेस असेल तर त्याच्याशिवाय. परिच्छेद संपला की रेघा बघ, जो शब्द दोनदा आला किंवा ज्याच्यामुळं सांगाडाच लागला नाही तोच बघ. एका पानाला चार-पाच पुरे. अन् लिहायचा तर एकटा शब्द नको लिहू, ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य लिही.

मग पुस्तक मीट अन् मराठीत सांग काय वाचलं ते. घरात बोलतेस तशा बोलीत सांग, मुयानं वढलेलं पाणी नळीतून पानापर्यंत जाते, चालेल, एकदम चालेल. काही लोक म्हणतात इंग्रजीतच विचार करायचा, मराठी मध्ये आणायची नाही, मला ते तुझ्या टप्प्यावर पटत नाही. समजलं की नाही हे तपासायला आपलीच भाषा पक्की. पुढं पुढं ते आपोआप इंग्रजीत व्हायला लागते. हे पुस्तक मिटून सांगणं फार मोठी गोष्ट आहे. रोडिगर अन् कार्पिक या दोन संशोधकांनी 2006 साली कॉलेजच्या पोरांवर तपासलं, काहींनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढं होते, पण एका आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. तू जे परत परत वाचतेस अन् वाटते आता आलं, ते त्या पाच मिनिटांपुरतं असते. परीक्षा आठवड्यानंतर असते, महिन्यांनंतर असते.

म्हणून वह्यांच्या जागी एकच वही ठेव. वाचलेल्या प्रत्येक तुकड्यासाठी चार ओळी मराठीत, न बघता. दोन-तीन दिवसांनी तोच इंग्रजी परिच्छेद परत वाच, पाच मिनिटांत होईल, तेव्हा चार ओळींच्या खाली एक ओळ इंग्रजीत लिही. चुकली तरी लिही.

फिजिक्सबद्दल जास्त नाही सांगत, तिथं मजकूर कमी असतो. गणिताचा प्रश्न असेल तर शेवटची ओळ आधी वाच, काय काढायचं ते कळू दे, मग दिलेल्या संख्या अन् त्यांची एककं बाजूला लिही, मग मधलं वाच. बायोलॉजीच्या धड्यात आधी हेडिंग, आकृत्या अन् आकृत्यांखालच्या ओळी, नंतर शेवटचे प्रश्न, अन् मग मजकूर. प्रश्न डोक्यात असला की मजकुरात काय शोधायचं ते माहीत असते.

पेपर वाचायचाच असेल तर असं कर. मराठी पेपरात एक बातमी वाच, आपल्याकडची, कापसाच्या हमीभावाची, बोंडअळीची, टिपेश्वरच्या वाघाची, जामठ्याच्या मॅचची. मग तीच बातमी नागपूरच्या हितवादमध्ये शोध, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली काढलेला इंग्रजी पेपर आहे, आपल्या भागाच्या बातम्या त्यात येतात. मिनिमम सपोर्ट प्राइस, पिंक बोलवर्म, प्रोक्युरमेंट सेंटर, हे काय असते ते तुला कोणी शिकवायची गरज नाही, तुझ्या घरात रोज तेच चालते. आठवड्यातून दोनच बातम्या. संपादकीय नको इतक्यात.

वेळेचं म्हणशील तर मला माहीत आहे, दिवाळीपासून वेचणी लागते, घरचं काम असते, सकाळची एसटी. रोज दोन तास नको, चाळीस मिनिटं दे पण रोज दे, वीस मिनिटं सोप्या गोष्टीला अन् वीस मिनिटं पुस्तकातल्या एका परिच्छेदाला, एकाच. एसटीत हलते म्हणून वाचू नको, डोळे दुखतात, तिथं काल वाचलेलं मनात मराठीत सांग, नाहीतर शेजारच्या मैत्रिणीला सांग. तिनं मध्ये काऊन म्हणून विचारलं अन् तुला उत्तर देता नाही आलं तर तो परिच्छेद संध्याकाळी परत. अशी एक मैत्रीण शोधच, तुझ्या वर्गात मराठी मिडीयममधून आलेली तू एकटी नसशील, ज्या गप्प बसतात त्या सगळ्या तुझ्यासारख्याच असतील.

अन् वर्गात वाचायला उभं केलं तर नेहमीसारखं वाच, ते तुझं चांगलंच आहे, नंतर उच्चारासाठी कोणापुढं अडणार नाही. फक्त खाली बसल्यावर लगेच मनात दोन प्रश्न, काय, अन् त्याचं काय. पहिले पंधरा दिवस उत्तर नाही मिळालं तरी विचारत राहा. शिकवताना समजलं नाही तर तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जाऊन बायोलॉजीच्या ज्या मॅडम किंवा सर नीट बोलतात त्यांना वाक्यावर बोट ठेवून विचार, मला काहीच समजत नाही असं नको म्हणू, हे वाक्य समजलं नाही असं म्हण. एका वाक्याचं उत्तर कोणीही देते.

सहामाहीला मार्क कमी येतील कदाचित. त्यावरून काही ठरवू नको, घरच्यांना पण आधीच सांगून ठेव की पुस्तकाची भाषा बदलली आहे, थोडा वेळ लागेल, अन् आईला तुझी ती चार ओळींची वही दाखवत जा. तुझ्या बोलीत लिहिलेलं असेल तर तिला पण वाचता येईल अन् तिला कळेल पोरगी काय शिकून राहिली.

दहावीच्या दोन्ही पुस्तकांतला पेशीविभाजनाचा भाग आधी संपव. पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा वहीतलं एक पान अन् ज्या इंग्रजी वाक्यावर सांगाडा लागलाच नाही असं एक वाक्य पाठव, ते कुठं अडलं ते बघून पुढं कोणता धडा घ्यायचा ते सांगते.